परतीचा मार्च

आईला ग्वारीघाटाच्या स्मशानात पोचवून आलो, त्याच संध्याकाळी बाबांनी फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी धुतली. ते रडले नाहीत, तिचा विषयही काढला नाही. मी ते मनात धरून बसले. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरात मराठी. तिन्हींत मी कमीच बोलते. तिची आठवण येते का, एवढंच बाबांना विचारायचं होतं. वर्ष होत आलं तरी ते माझ्याच्याने झालं नव्हतं.

बाबा फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही जबलपूरलाच राहिलो. क्लॅरिनेट कपाटावर गेली.

एका रविवारी मेथी निवडताना मी स्पीकरवर एक अल्बम लावला होता. कुठल्याशा प्रयोगशील बँडने अमेरिकेतली जुनी कंट्री गाणी आणि लष्करी मार्च आपल्या तऱ्हेने वाजवलेले. गाण्यांतले शब्द काढून टाकलेले, गिटारचा एकेक सूर विरेपर्यंत लांबवलेला, मधे नुसती खरखर. मग एक मार्च सुरू झाला, ओळखू येऊ नये इतका संथ. बाबांनी पेपर खाली घेतला.

"काय झालं याला? बॅटरी संपून राहिली काय?"

मुद्दाम तसं वाजवलंय, मी म्हटलं. बंद करू का, विचारलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. त्यांची बोटं पेपरच्या कडेवर हलू लागली होती. सूर संपण्याआधीच ती पुढच्या सुरावर जात आणि तिथे अडून राहत.

मार्च संपल्यावर बाबा सांगू लागले. फौजेत कुणी गेलं की बँड अंत्ययात्रेच्या पुढे चालायचा. ढोलावर काळं कापड, पावलं अगदी सावकाश. सगळं आटोपलं की कापड काढायचं, वळायचं, आणि येताना हाच मार्च जलद वाजवायचा. दुःख बराकीत आणायचं नाही, अशी रीत. कधी गेलेला माणूस रोज शेजारी बसून जेवणारा असे. तरी वाजवायचा.

"जिंदगीभर तसाच परतलो, बेटा," ते म्हणाले. "तुझ्या आईला सोडून आलो तेव्हाही पाय तसेच पडले. थांबताच नाही आलं."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

"आठवण येते?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग फाटकाकडे बघितलं.

"लाव पुन्हा," ते म्हणाले. "तोच. असाच हळू."

मी लावला. या वेळी त्यांची बोटं पुढे पळाली नाहीत. प्रत्येक सूर संपेपर्यंत ती थांबत होती.