पसरट झालेली फुलं

आंधळगावच्या ललिताबाई कोशाच्या रेशमी साड्यांची नक्षी वर्षानुवर्षं चौकटीच्या कागदावर काढत आल्या. गेल्या वर्षी नागपूरला नोकरी करणाऱ्या भाच्यानं, भुपेंद्रनं, आपला जुना लिनक्सचा लॅपटॉप त्यांना दिला. तेव्हापासून फुलं स्क्रीनवर उमटायची आणि नवरा गोमाजी ती मागावर विणायचा.

एका सकाळी लॅपटॉप उघडला, तर अक्षरं जाड, धुरकट झालेली. पदरावरची गोल फुलं आडवी पसरलेली. ललिताबाईंनी हातातली बांगडी काढून एका फुलावर धरली. फूल वरखाली नेमकं बसत होतं, पण दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होतं. तीच फाईल त्यांनी मोबाईलवर पाहिली. तिथं ते छान गोल!

त्यांनी लगेच भुपेंद्रला फोन लावला. "नक्षी ठीक हाय रे, स्क्रीनच चुकीची दाखवून राहिली."

"मामी, राहू दे. मी आलो का फॉरमॅट मारून देतो."

"फॉरमॅट काहून? बिघडलं काय, तेच तर मालूम नाही अजून."

भुपेंद्र हसला. त्यानं डिस्प्लेची सेटिंग उघडायला लावली. रिझोल्यूशनच्या जागी एकच आकडा होता, १०२४ बाय ७६८.

"तुही स्क्रीन तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्टची हाय," तो म्हणाला. "उंची जमली, रुंदी कमी पडली. म्हणून चित्र आडवं ताणून बसवलं लॅपटॉपनं."

"मंग लॅपटॉप सोताचीच स्क्रीन ओळखून नाही राहिला?"

"हो. नव्या कर्नलमध्ये ग्राफिक्सचा, म्हंजे स्क्रीन चालवणारा ड्रायव्हर चालू झाला नसन. चालू होताना जुना कर्नल निवडून पाय."

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, सुरुवातीला आलेल्या यादीतला जुना कर्नल निवडला आणि फुलं पुन्हा गोल झाली.

"झालं ना? आता जुनाच वापर," भुपेंद्र म्हणाला.

ललिताबाईंचं मन मात्र भरेना. जुना चालतो, मग नव्याला काय झालं? स्वयंपाक करताना, मागाच्या कांड्यांवर धागा भरताना तोच विचार. दुपारी एकदम आठवलं. आदल्या दिवशी अपडेट चालू असताना वीज गेली होती. बॅटरी तर कधीचीच मेलेली, त्यामुळं लॅपटॉप तिथंच बंद पडला होता. त्यांनी पुन्हा फोन केला.

"अपडेट अर्धाच राहिला असन काय रे?"

"अरे हो! हे तर मी इचारलंच नाही."

त्यानं अर्धवट अपडेट पुरा करायची कमांड पाठवली. त्यांनी ती टर्मिनलच्या खिडकीत टाकताच ओळींमागून ओळी सरकू लागल्या. ललिताबाई एकेक वाचत होत्या; कळत होतं थोडंच, पण नजर हटत नव्हती. लॅपटॉप पुन्हा चालू केला, या वेळी नव्या कर्नलवर. सगळं जागच्या जागी होतं.

गोमाजी माग थांबवून आत आला. "झालं का तुयं?"

"झालं," त्या म्हणाल्या आणि मोबाईल स्क्रीनशेजारी धरला. "पण इकडं ये जरा. हा जांभळा मोबाईलवर निळा काहून दिसून राहिला?"