बाबांचा शेवटचा तास

फिनाइलने पुसलेल्या फरशीचा वास आला की मला बाबांच्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवते. बाबा जाऊन काही महिने झाले होते आणि शाळा त्यांचं ईमेल खातं बंद करणार होती. लॉकडाउनमध्ये त्यांनी घेतलेले गणिताचे तास त्यातच होते, म्हणून आई आणि मी भर दुपारी सुदामा नगरच्या घरून हार्ड डिस्क घेऊन शाळेत गेलो. लॅबचे सर म्हणाले, “काकूजी, मेल सगळे उतरवून देतो, पण जुने व्हिडिओ तर सिस्टमने आधीच उडवले. बस, एक बचा है.” त्यांनी तो लावला. पडद्यावर बाबा फळ्यासमोर हात हलवून समजावत होते, पण माइक बंदच राहिला होता. बाजूच्या चॅटमध्ये मुलं पुन्हा पुन्हा लिहीत होती, ‘सर, आवाज नहीं आ रही.’ बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. आई स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत बसली. मग लॅबच्या सरांना हळूच म्हणाली, “हाच देऊन द्या, भिया.” तेवढाच घेऊन आम्ही घरी आलो. परवा आईने मला विचारलं, “त्यांचा आवाज जाड होता ना गं?” मी हो म्हटलं, पण मलाही आता आठवत नव्हता.