बिनवायरीचा प्रिंटर आणि टाइपरायटरवाले चाचा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात एका वकीलबाईंच्या कार्यालयात मी टायपिस्ट होते. दोन हजार सालानंतरचं पहिलं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणि प्रिंटर बाईंच्या. मधली वायर उंदरांनी दोनदा कुरतडली, तेव्हा बाईंनी नागपूरहून बिनवायरीचा प्रिंटर मागवला. इंटरनेटसाठी राउटर आधीच बसवलेला होता, त्याच्याशीच प्रिंटर जोडायचा होता. बसवणाऱ्याने त्याचा पासवर्ड एका कागदावर लिहून ठेवला होता.

दोन दिवस मी त्या प्रिंटरशी झगडले. त्याच्या इवल्याशा पडद्यावर बाणाच्या बटणांनी पासवर्डचं एकेक अक्षर निवडायचं, ओके दाबायचं, आणि दर वेळी एकच उत्तर: जोडणी झाली नाही. मला लाज वाटायला लागली. पक्षकार पक्क्या कागदांसाठी हेलपाटे घालत होते.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. तालुक्यातले टाइपरायटर वर्षानुवर्षं त्यांनीच दुरुस्त केलेले. बाईंना जुनं मशीन विकायचं होतं, ते तपासायला त्यांना बोलावलं होतं.

"काऊन बेटा, तोंड उतरलं तुहं?"

"हा प्रिंटर जुळूनच नाई राह्यला, चाचा."

"मले यातलं काई समजत नाई. पन तू काय करून राह्यली, ते बोलून दाखव."

मी एकेक पायरी सांगत गेले. पासवर्डचा कागद डोळ्यांजवळ धरून ते ऐकत होते. मधेच त्यांनी थांबवलं.

"हे सारे अक्षरं मोठेच काऊन?"

"कागदावर तसेच आहेत ना."

"लिहिनाऱ्याले तशी सवय असंन तर? शिफ्ट दाबली का नाई, यानं फरक पडते का?"

फरक पडतो! हे मला, टायपिस्टला, सुचलं नव्हतं. बाईंच्या खोलीत जाऊन मी सगळी अक्षरं लहान घातली. प्रिंटरचा लुकलुकणारा निळा दिवा स्थिर झाला. परत येऊन मी कॉम्प्युटरवरून एक पान पाठवलं, आणि थोड्या वेळात बाईंच्या खोलीतून कागद सरकल्याचा आवाज आला.

बाई पान घेऊन बाहेर आल्या. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच विचारलं, "आता मशीनी येत नाई दुरुस्तीले. हे शिकाले जमन का मले, या वयात?"

"बसा ना, आत्ताच," मी खुर्ची ओढली.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी ते येत. आधी माऊस धरायला शिकले, मग प्रिंटर जोडायला. पुढच्या वर्षी एका शाळेतून त्यांचा फोन आला. मागे पोरांचा गलका होता, आणि चाचा त्याहून मोठ्याने सांगत होते, "बेटा, इथला बी जुळला!"