कालवं लागलेला शंख

करिमुन्निसा उरणची. लहानपणी आईबरोबर ओहोटीला खडकांवर जाऊन ती दगडाला चिकटलेली कालवं काढायची. आता साठीला आली तरी हात शिंपल्यांतच असतात. फक्त हे शिंपले दगड झालेले.

उरणबाहेर कंटेनरच्या गोदामांच्या रांगेत बासितचं वर्कशॉप आहे. तिथे परदेशातून लाकडी खोक्यांत जीवाश्म येतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेल्या प्राण्यांचे हे शंख गाळात दबून दगड झालेत. इथे ते साफ होतात, लोखंडी स्टँडवर बसतात आणि कुणाच्या तरी हॉलची शोभा होतात. करिमुन्निसा आली ती खोकी उघडायला आणि झाडलोट करायला. एकदा तीन तुकडे झालेला शंख बासितने टाकून द्यायला सांगितला. तिने तो जेवणाच्या सुट्टीत असा जुळवला की जोड शोधावा लागे. तेव्हापासून चौदा वर्षं तिच्या हातात सुई आणि ब्रश आहे.

गेल्या हिवाळ्यात खारघरच्या चारुलताताईंनी नव्या फ्लॅटसाठी मोठा अमोनाइट मागवला. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, थाळीएवढा शंख. करिमुन्निसाने आठ दिवस सुईने टोकरून त्यावरचा दगड काढला. नवव्या दिवशी वळ्यांवर पाच-सहा खडबडीत गोळे उघडे पडले.

बासित म्हणाला, "खाला, हे ग्राइंडरवर घ्या. मॅडमना एकदम स्मूथ पाहिजे."

"थांब बासित. हा मळ न्हाय. कालवं हायेत."

"दगडात कसली कालवं?"

तिने शंख उलटा केला. "बघ, या अंगाला एक पन न्हाय. शंख मेला, तळाला आडवा पडला. खालचं अंग चिखलात, वरच्या अंगावर कालवं बसली. आपल्या खडकावर बसतात तशीच. मी जन्मभर बघितलीत."

बासितने फोनवर शोधलं. अशाच शंखांचे फोटो निघाले. त्याला पटलं, पण भीती गेली नाही. "मॅडमनी परत केला तर?"

"मी सोता घेऊन जाते. न्हाय पटलं तर माझ्या हातानं घासून देईन."

हे बोलून गेली खरी, पण खारघरला जाताना टेम्पोत शंख मांडीवर धरून ती सारखी त्या गोळ्यांवरून बोट फिरवत होती. घासावं लागलं असतं तर हात चालला नसता.

चौदाव्या मजल्यावर चारुलताताईंनी कागद सोडवला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे डाग तसेच का ठेवले? मी प्लेन सांगितला होता."

"डाग न्हाय ताई. हे त्याच्यावर ऱ्हायला आलेले." करिमुन्निसाने त्यांचा हात धरून बोट एका गोळ्यावर टेकवलं. "ही कड लागते का? कालवाच्या शिंपीची हाय. शंखाचा मालक मेला, मग ह्यांनी त्याच्यावर घर केलं. सगळी एकदमच दगड झाली."

चारुलताताई बराच वेळ कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी न्हाय. आमी कालवं काढनारी मानसं."

शंख भिंतीजवळच्या टेबलावर गेला, कालवांची बाजू समोर ठेवून. करिमुन्निसा निघाली तेव्हा चारुलताताईंनी बासितला फोन लावला. "यासोबत कार्ड द्या. काय आहे ते लिहा. आणि साफ कोणी केलं, त्यांचं नावसुद्धा."

वर्कशॉपमधून आजवर कुणाचंच नाव बाहेर गेलं नव्हतं. बासितने कार्डं छापली. आता प्रत्येक शंखाच्या खोक्यात एक कार्ड जातं: 'साफसफाई व जुळणी – करिमुन्निसा, उरण.'

सुनेने, सनाने, त्यातलं एक फ्रिजवर लावलंय. आल्यागेल्याला तीच दाखवते. करिमुन्निसा तोंडाने "काढ गं ते" म्हणते, पण कार्ड जरा वाकडं झालं की सरळ स्वतःच करते.