गाडीपाशी कोणीतरी हवं

ड्रायव्हरकाका निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. उभा जन्म टुरिस्ट बस चालवण्यात गेला. लोकांना तळी दाखवली, जुनी शहरं फिरवली. आता घरी स्वस्थ बसतील, पेपर वाचतील, बायकोच्या कामात लुडबुड करतील. पण छे! काकांनी पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन उचलली आणि सुताराला हाताशी धरून तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, पलंगाखाली कपडे, दाराशी शेगडी, भांडी विसळायला एवढंसं बेसिन. पडदे काकूंनी शिवले. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या, त्यामुळे पडदे निघाले निळ्या चौकड्यांचे, आणि हाताच्या सवयीने एकाला खिसासुद्धा लागला.

तिसरा गडी म्हणजे कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला. ड्रायव्हरशेजारची सीट त्याने पहिल्याच दिवशी बळकावली आणि जेवण झालं की ताटल्या चाटून लख्ख करायचा, म्हणून त्याचं नाव क्लीनर. काकूंना मागे बसावं लागे. "लग्न माझ्याशी केलंत का याच्याशी?" असं त्या दर वळणावर विचारत, आणि काका इमानदारीत म्हणत, "तो रस्ता बघतो गं. तू झोपतेस."

काकूंची मागणी मात्र एकच होती. एक तरी ठिकाण आपण दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून बघायचं. त्याला कारण होतं. मशीन सोडून ही बाई कधी कुठे गेली नव्हती. काका फेरीवरून आले की चहाचा कप हातात घेऊन सुरू व्हायचे: तळ्याचं पाणी कसं हिरवं, बेटावरची घंटा केवढी, महालात आरशांची खोली कशी. काकू पायडल थांबवून ऐकायच्या. आणि दुसऱ्या दिवशी मुलांची मापं द्यायला येणाऱ्या आयांना तेच मीठमसाला लावून ऐकवायच्या. निम्म्या गल्लीने जग पाहिलं ते काकूंच्या तोंडून.

आता प्रत्यक्ष निघाले, तर काकांचं भलतंच. पहिल्या तळ्यावर म्हणाले, "तू ये नावेतून फिरून. क्लीनरला पाण्याची भीती वाटते." क्लीनर तोवर गळ्यापर्यंत पाण्यात शिरून बदकांच्या मागे लागला होता. जुन्या शहराच्या वेशीत म्हणाले, "आत कुत्र्याला सोडत नाहीत. शिवाय गाडीपाशी कोणीतरी हवं." काकू दोन्ही वेळा एकट्या गेल्या. चांगलं काही दिसलं की "अहो, हे बघा," म्हणून वळायच्या, तर शेजारी कोणी परकाच माणूस. मग ओशाळून हसायचं आणि पुढे जायचं. आणि घंटा बेटावर नव्हतीच, काठावर होती. ते मात्र त्यांच्या डोक्यात राहिलं.

तिसरं ठिकाण म्हणजे टेकडीवरचा महाल. खाली पार्किंग, वर चढण. काकू गेल्या, आणि आत गेल्यावर चक्रावल्याच. काका सांगायचे, आरशांची खोली डावीकडून वर. ती निघाली उजवीकडे, खाली, आणि इतक्या बुटक्या दाराची की काकूंचंसुद्धा डोकं आपटलं.

उतरून आल्या तर पार्किंगच्या पावत्या फाडणारा म्हातारा त्यांच्याकडे बघून हसला. "काकांच्या घरून ना? फार वर्षांची ओळख हो आमची. इथेच असायचे, या भिंतीच्या सावलीला. मी म्हणायचो, एकदा आत जाऊन या, तिकीटसुद्धा मागणार नाही कोणी. पण नाही म्हणजे नाही. गाडी सोडून एक पाऊल हलायचे नाहीत."

काकूंच्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे इतकी वर्षं थापा? आणि आपण त्या गल्लीभर वाटल्या! तरातरा व्हॅनपाशी आल्या. काका शेगडीवर चहा टाकत होते.

"आरशांची खोली कुठे आहे हो?"

"डावीकडून वर," काका म्हणाले.

"उजवीकडे. खाली. आणि हे बघा टेंगूळ."

काकांचा चेहरा पडला. चहा उतू गेला तरी लक्ष नाही. क्लीनर बिचारा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत बसला.

"प्रवासी परत आले की बोलायचे," काका शेवटी म्हणाले, "ते ऐकायचो. त्यात कोणाची डावी कुठली अन् कोणाची उजवी कुठली! गाडीत लोकांचं सामान असायचं, विश्वासाने टाकून जायचे. कसं सोडून जाणार? आणि घरी आलो की तू मशीन थांबवून बघत बसायचीस. तुला काय सांगणार होतो मी? की दिवसभर पार्किंगमध्ये उभा होतो?"

काकूंचा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस दमून यायचा आणि लोकांच्या तोंडचे तुकडे जोडून आपल्यासाठी महाल उभा करायचा, हे मनात आलं आणि त्यांना भरूनच आलं. पण तसं दाखवतील तर त्या काकू कसल्या!

"उद्या मी थांबते गाडीपाशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही जायचं."

"पाय दुखतात गं."

"इतकी वर्षं क्लच दाबताना नाही दुखले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. तीन वेळा मागे वळून बघितलं, एकदा तर टायरमधली हवा तपासायला परत आले. काकू क्लीनरचा पट्टा धरून उभ्या राहिल्या. ऊन चढलं. बसायला जागा नाही, बोलायला माणूस नाही. वरून घोळका उतरला की मान उंच करायची आणि त्यात आपलं माणूस नाही म्हटल्यावर पुन्हा खाली घालायची. लोक हसत यायचे, हसत जायचे, त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. काकूंचा जीव रडकुंडीला आला.

काका आले ते गप्प. काकूंनी पाणी दिलं, ते प्यायले.

"आता बोला की. एरवी तोंड बंद होत नाही तुमचं!"

"वर तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे," काका म्हणाले. "तिथून पार्किंग दिसतं. आपली गाडी दिसली. तू दिसलीस, क्लीनर दिसला. मी हात केला, तुझं लक्ष नव्हतं. फार एकटी दिसत होतीस गं. मग पुढचं काही बघितलं नाही, उतरलोच."

"मग चला," काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून टाकले. "आता दोघं जाऊ."

शेजारी एक टुरिस्ट बस लागली होती. तिचा ड्रायव्हर, चाळिशीचा माणूस, काच पुसत होता. काकूंनीच त्याला विचारलं, जरा आमच्या कुत्र्याकडे बघाल का?

"जा की बिनधास्त," तो म्हणाला. "मी कुठे जातोय? इथेच आहे."

दोघं तिकिटं काढून चार पावलं गेली असतील. काका थबकले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि हातातली तिकिटं मुकाट्याने पिशवीत टाकली. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतंच.

काका माघारी आले. "आत गेलायस कधी?"

"मी? नाही बुवा. गाडीपाशी कोणीतरी हवं ना."

"आण किल्ली इकडे. मीही ड्रायव्हरच आहे, तुझ्या गाडीला धक्का लागू देणार नाही. आधी तू जाऊन ये. तिसऱ्या मजल्यावर खिडकी आहे, तिथून खाली बघ."

तो नाही नाही म्हणत होता. काकूंनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तेव्हा कुठे गेला.

मग बराच वेळ ती दोघं मान वर करून उभी होती. खिडकीत एक ठिपका आला तशी दोघांनी हात वर करून हलवले, आणि क्लीनर कारण नसताना भुंकला. ठिपका आधी नुसताच उभा होता. मग त्यानेही हात केला.

तो खाली आला. क्लीनरचा पट्टा हातात घेतला आणि म्हणाला, "जा काका. दोघं जा. सावकाश या."

काकूंनी काकांचा हात धरला, भर पार्किंगमध्ये, सगळ्यांदेखत, आणि चढणीला लागल्या.