मंठ्याचा रफिक आणि पुढचा गार्ड

शेवटची पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलात होती. नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर. राजूरला माजी सैनिकांचा मेडिकल कॅम्प लागला आणि मी तिथून जवळच्या टेंभुर्णीची, म्हणून तुकडी माझ्याकडे आली.

आदल्या दिवशी ऑर्डर आली: गाडीचा पुढचा गार्ड काढा. कारण लिहिलं होतं. त्या स्टीलच्या पाइपांमुळे एअरबॅग वेळेवर उघडत नाही, धक्का थेट आतल्यांना बसतो, आणि समोर माणूस आला तर त्याची हाडं मोडतात. तेव्हाच्या मेजरबाईंना, म्हणजे मला, काही ते पटलं नाही. बाईंना त्या चकाकीत बघून टोपी सरळ करायची सवय होती. गाडीसोबत काढलेले फोटो अजून आहेत. एकातही गाडी दिसत नाही, बाईच दिसतात.

ड्रायव्हर नाईक रफिक, मंठ्याचा. नट सोडवता सोडवता म्हणाला, "मॅडम, गाडी बोळकी दिसून राह्यली. लोक हसतील."

"तुला बघून तसेही हसतात. जल्दी कर."

पहाटे निघालो. त्या दिवशी चतुर्थी. टेंभुर्णीची असून मी ते साफ विसरले! राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्यांनी रस्ता भरला होता. रफिक हळू चालवत होता. तरी एक म्हातारी एकदम आडवी आली. ब्रेक लागला, पण ती बॉनेटवर आपटून गाडीच्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध पडली. बॉनेटचा पत्रा आत दबला.

मी गुडघ्यावर बसले. "आजी, पाय हलवा."

"हालवते की! डोळे कुठं गेल्ते तुमचे?"

तिला बोलताना ऐकून जिवात जीव आला. मनगट मोडलं होतं, बाकी शाबूत. रफिक मागे जाऊन, हात आडवे करून गाड्या थांबवू लागला. मी वायरलेस सेट उचलला.

"कॅम्प, मेडिकल वन. कॅज्युअल्टी एक. स्टेबल. ओव्हर."

"मॅडम, म्हातारीला उचला!" रफिक ओरडला.

वळून पाहिलं. मागून एक जीप येत होती. तिला बोअरच्या केसिंग पाइपचा घरगुती गार्ड, त्यावर झेंडूचा हार. ब्रेक लागले, पण उशिरा. रफिकच्या मागे रस्त्यावर आम्ही दोघी. तो हटला नाही.

पाइप त्याच्या छातीला लागला. जीपवाल्याचं कपाळ स्टिअरिंगवर फुटलं. गार्डला ओरखडाही नव्हता.

"कॅम्प, मेडिकल वन. कॅज्युअल्टी तीन. एक क्रिटिकल."

"रिपीट, मेडिकल वन."

रिपीट केलं. आवाज माझाच होता म्हणतात.

रफिकनं विचारलं, "म्हातारी बराबर हाय ना?"

"बराबर आहे."

"मंग ठीक."

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा तो गेलेला होता.

आता कुणाच्या दारात नवी गाडी आली की मला बसवत नाही. आधी पुढून बघून येते. नातू म्हणतो, आजी, आरटीओत भरती हो.

दर ईदला मंठ्याला रफिकच्या अम्मीकडे जाते. त्या दरवेळी एकच विचारतात, "वो बुढी कैसी है?"

"चालत राजूरला जाते अजून. भेटली की मला शिव्या देते."

अम्मी हसतात. मग चहा ठेवते म्हणून आत जातात, आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत.