लाल तोंडाची बाई आणि तपकीरबाब

माझे अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून कुर्ल्या चालत गेल्यासारखे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटले. ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने माफ करावे. तपकीरबाबाबद्दल तोंडाने सांगायला मला कधी जमले नाही, म्हणून लिहिते.

तो सदा तपकीर ओढायचा, आणि त्याच्या नाकातून तपकिरी पाणी गळायचे. ते तो सदऱ्याच्या बाहीला पुसायचा आणि त्याच हाताने मुलांच्या कपाळावर क्रुसाची खूण करायचा. मला ओकारी यायची. तो आमच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवायचा आणि रविवारी मुलांना धर्म शिकवायचा. मी शेवटच्या बाकावर, दाराशी बसत असे, वाऱ्यासाठी.

एका रविवारी तो म्हणाला, "देवान दर्याक हद्द घातली, हयसर थांब म्हणान सांगितला, तेव्हा ती देवाच्या बाजूक खेळत होती."

"ती कोण?" मी कसेबसे विचारले.

"देवाचा शाणपण. शास्त्रात बाईमाणूस म्हणान लिवलेला. पण वेगळी देवी न्हय गो. तो देवाचो पुत्रच. तोच मागसून आपल्या सायबिणीच्या मांडयेर बसलो. म्हणान सायबिणीक शाणपणाचा आसन म्हणतत."

सायबीण म्हणजे येशूची आई. आमच्या परसापासून वीस पावलांवर भरती थांबते. त्या दिवसापासून तिथे उभी राहिले की मला तिचे ते खेळणे आठवते.

मे महिन्यात वाडीच्या क्रुसापाशी सायबिणीची लादीन व्हायची. लॅटिनमधून तिची एकेक नावे घ्यायची आणि बाकीच्यांनी सुरात साथ द्यायची. अर्थ कोणाला ठाऊक नसे. सगळ्यांचे डोळे उकडलेल्या चण्यांच्या टोपावर, आणि पुरुषांचे टोपामागच्या बाटलीवर. मी लुगडे नेसायला लागल्यावर एकदा त्या आसनाच्या नावापाशी तपकीरबाब थांबला. "ह्या नावाचो अर्थ कोण सांगतलो? कोणाचा शाणपण?"

"चणे थंड होतत रे बाबा!" मागून कोणी ओरडले. "शाणपण फाल्या सकाळी सांग!"

सगळे खदाखदा हसले. तो बाही पुसत उभा राहिला. त्याच्या नाकाची मला कधी आली नव्हती एवढी किळस त्या हसण्याची आली. आणि मला उत्तर येत होते. मी पदर तोंडात धरून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची किळस अजून जात नाही.

माझा भाऊ आगबोटीवर खलाशी. त्याने रशियाच्या बंदरातून माझ्यासाठी वीतभर लाकडी चित्र आणले. सिंहासनावर पंखांची बाई, डोक्यावर मुकुट, तोंड आणि हात इंगळासारखे लाल. एका बाजूला सायबीण, दुसऱ्या बाजूला कोणी संत, वर येशू. भाऊ वर्षभर दर्यावर. घरात त्याची तेवढीच खूण. मी ते भिंतीला लावले. शेजारच्या मासे विकणाऱ्या बायका आल्या. "ही खंयची गो देवी? जागृत दिसता!" म्हणत त्यांनी जास्वंद खोचली.

गोष्ट पाद्रींच्या कानावर गेली. ते आले, छत्रीच्या टोकाने चित्र वर उचलले, जणू मेलेला उंदीर. "हे भुताचे चित्र आहे. फेस्ताच्या सणाआधी चुलीत घाल, नाहीतर कोमुन्यांवचा प्रसाद मिळणार नाही."

मी रडत बसले. तपकीरबाब आला, चित्र जवळ धरले आणि त्यावरच शिंकला. मग कितीतरी वेळ पाहत राहिला. "जाळू नको. गोव्यात एक शिकलेलो पाद्री माझ्या वळखीचो आसा. तेका दाखवून येतंय. भाड्याक धा रुपये दी."

सुकट विकून साठवलेले दहा रुपये मी दिले. गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. चित्र सदऱ्याच्या आत बांधून तो गेला.

तिसऱ्या दिवशी परत आला तो हसतच. "इन्सुलीच्या नाक्यार दारूबंदीच्या पोलिसांक वाटला, पोटाक गोव्याच्या दारूची बाटली! सदरो वर केल्यानी, तर लाल बाई! दोघांनीव हात जोडल्यानी!"

सोबत त्या शिकलेल्या पाद्रीची चिठ्ठी होती. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती देवाचे शहाणपण असेच काढतात. त्या नावाची त्यांची मोठमोठी देवळे आहेत, पण ते नाव ख्रिस्ताचेच. त्यांच्यातल्या काही पंडितांनी तिच्याबद्दल इतके लिहिले की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचे चार होतील अशी भीती पडली, तेव्हा त्यांच्याच धर्मगुरूंनी त्यांना आवरले. आपण कॅथलिक शास्त्रातले तिचे शब्द सायबिणीच्या सणांना वाचतो. चित्र जाळण्याचे कारण नाही.

पाद्रींनी चिठ्ठी वाचून घडी घातली. "ठीक आहे. फुले नकोत." मग तपकीरबाबाला म्हणाले, "तीन दिवस घंटा कोण वाजवणार होते?" बस. एवढेच. मला त्या पाद्रीकडे पाहवेना.

चित्राच्या पंखावर तपकिरीचा अंगठा उमटला होता. खोबरेल लावून घासला, तरी गेला नाही.

लग्नामयताची घंटा वाजवून जे मिळे त्यातून तो रुपया-रुपयाने माझे पैसे फेडायला लागला. मी म्हटले, "ऱ्हवांदे, बाबा."

"शाणपण फुकट घेवचा गो, गाडयेचा भाडा न्हय."

मग तो खोकल्याने पडला. त्यातून उठला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने मला बोलावले आणि उशीखालून तपकिरीच्या कागदात गुंडाळलेली रुपयाची नोट काढली. ओलसर होती. मी ती घेतली, आणि पहिल्यांदाच हात पदराला पुसला नाही.

"धा झाले मगो?"

"झाले, बाबा," मी म्हटले. "पुरे धा."